पंधरा मात्रांचा तीनताल

गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, आमच्या संगीत महाविद्यालयाच्या वार्षिक बैठकीत, अडीचशे माणसांसमोर मी एक मात्रा खाल्ली. भूक नव्हती, तरी खाल्ली.

ज्यांना तबल्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मलाही पाच वर्षांपूर्वी कळत नव्हतंच. एकट्या तबल्याचा कार्यक्रम असतो तेव्हा शेजारी एक पेटीवाला बसवतात. त्यानं सोळा मात्रांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, तास तासभर. तिला लेहरा म्हणतात. तबलजी त्या ओळीच्या भरवशावर कुठेही भटकून येतो आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, बरोबर उतरतो. पेटीवाला हे स्टेशनावरचं घड्याळ. त्याच्याकडे कौतुकानं कोणी बघत नाही, पण ते पुढे गेलं तर लोकांच्या गाड्या चुकतात.

तर त्या संध्याकाळी तबल्यावर पोतनीस सर होते, पेटीवर मी, आणि घड्याळाला नटावंसं वाटलं. तिसऱ्या रांगेत पूर्वी नावाची मुलगी बसली होती. पूर्वी ही पोतनीस सरांची तबल्याची विद्यार्थिनी, वर्गातली सगळ्यात तयार. ती मोबाइल धरून चित्रण करत होती. मोबाइल सरांकडे रोखलेला होता हे मला कळत होतं, पण कडेनं का होईना, आपणही दिसत असू, असा माझा हिशेब. म्हणून लेहऱ्याच्या शेवटाकडे मी एक मुरकी, म्हणजे सुरांची छोटी गिरकी, घातली. मुरकी माझ्या अंदाजापेक्षा लांबली, शेवटच्या दोन मात्रा अंगावर धावून आल्या, आणि घाबरून मी त्यातली एक सोडून सरळ समेवर उडी मारली. सोळाची ओळ पंधरात संपली.

सर तेव्हा एका लांबलचक चक्रदारात होते. चक्रदार म्हणजे एकच बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर आणून आदळायचा. चार आवर्तनांचा, म्हणजे सोळाच्या चार फेऱ्यांचा, तो पल्ला. सरांचा 'धा' दणक्यात पडला, पण माझी सम एक मात्रा आधीच होऊन गेली होती. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी 'अरेरे' केलं, ते व्यासपीठापर्यंत ऐकू आलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि खरी चूक मी इथे केली. मी चेहरा असा शांत ठेवला की जणू काही देवळातलं कासव, आणि पुढच्या समेला मान हलवून दाखवली, की इथे आहे सम, सर, या. सर आले. मान खाली घालून त्यांनी माझा लेहरा पकडला आणि दहा मिनिटांत आटोपतं घेतलं.

नंतर आत ते तबल्यावर गवसणी चढवत होते. मला म्हणाले, "कुशल, लेहरा बरोबर होता ने?" बडोद्याच्या मराठीत प्रश्नाच्या शेवटी असा एक 'ने' असतो, गुजरातीतून आलेला.

"हो सर. एकदम."

"हां," सर म्हणाले. "मग मीच."

श्रीकृष्ण गोविंद पोतनीस. आजोबा बडोदे सरकारच्या खजिन्यात खरोखरचे पोतनीस होते. राज्य विलीन झालं, तिजोऱ्या गेल्या, आडनाव तेवढं घरी राहिलं. वडील गोविंदराव कोयलीच्या रिफायनरीत लागले, पाळ्यांची नोकरी. दांडिया बाजारात दोन खोल्यांचं घर, आणि त्यात हा मुलगा आठव्या वर्षी तबला शिकायला लागला. मागच्या गल्लीतल्या बळवंतराव गुरुजींकडे. आता वडील रात्रपाळी करून दिवसा झोपणार आणि मुलगा दिवसा रियाज करणार, हे दोन खोल्यांत जमायचं कसं? आई कमलाबाईंनी तोडगा काढला. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी करून तबल्या-डग्ग्यावर घातली. "वाजव आता."

सहा वर्षं सरांनी लुगड्याखालून तबला वाजवला. नाद बाहेर येत नाही म्हणून मुलगा जोर लावेल असं कोणालाही वाटेल. ह्यांनी उलट केलं. कापडाखालून जेवढा येतो तेवढा आवाज कानानं शोधायला शिकले. पुढे लुगडं निघालं तेव्हा डावा हात इतका मऊ झाला होता की बळवंतराव म्हणाले म्हणे, "हा डग्गा वाजवतोस की त्याला झोपवतोस?" आजही सरांचा डग्गा ऐकला की माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो.

मजा पुढेच आहे. निवृत्तीनंतर गोविंदरावांनी कबूल केलं, की त्या सहा वर्षांत दुपारी ते फारसे झोपलेच नव्हते. पांघरुणाखाली पडून बोटांवर मात्रा मोजायचे. पोरगं कुठे चुकतं ते त्यांना पाठ होतं. बोलले कधी नाहीत. बोलले असते तर उद्यापासून बंद केलं असतं ना त्यानं.

रिफायनरीत तेव्हा नोकरदारांच्या मुलांना उमेदवारी मिळायची. सरांनी अकरा महिने ती केली, दाबाची घड्याळं वाचायची आणि वहीत आकडे लिहायचे. मग आमच्याच महाविद्यालयाला कथकच्या वर्गासाठी तबल्याची साथ करणारा माणूस हवा होता, हंगामी. रिफायनरी सोडून कोणी शहाणा तिथे जाईल का? सर गेले. नऊ वर्षं हंगामी राहिले. सकाळी सातपासून बारापर्यंत पोरींच्या 'ता थेई थेई तत्' ला ठेका धरायचा. लग्न त्यातच झालं. मोहना काकू टपाल खात्यात होत्या म्हणून घर चाललं, हे सर स्वतःच सांगतात, आणि काकू बाजूला असतील तर जरा मोठ्यानं सांगतात.

सर नावाजले नाहीत. दोनदा मोठ्या कार्यक्रमांचं बोलावणं आलं, दोन्ही वेळा इथे परीक्षा होत्या. "मी पाचशे पोरांना सम दाखवली," ते म्हणतात. "त्यातली चारशे ऐंशी आज बँकेत नाहीतर कॅनडात आहेत. पण सम चुकत नाहीत ती." त्यांची स्वतःची मुलगी उत्कर्षाही तिकडेच आहे. तिला तबला येत नाही, पण फोनवर बोलताना ती टेबलावर बोटं वाजवते आणि सर मध्येच सांगतात, "खाली चुकली तुझी." खाली म्हणजे जिथे टाळी न देता हात उघडा सोडायचा ती मात्रा, तीनतालात नववी.

शिकवायची पद्धतही अशीच. मुलानं हातानं टाळी-खाली देत तीनताल धरायचा आणि सर त्याच वेळी गप्पा मारणार. "शुं जम्यो काले?" काल काय जेवलास? मुलगा खिचडी-कढी म्हणेपर्यंत हात अडखळला, की व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं, पावलागणिक मात्रा मोजत, आणि परत यायचं. "बोलता बोलता जो मोजू शकत नाही त्यानं मोजायचं सोडावं आणि बोलायचंही." स्वतः सर स्कूटर चालवताना डाव्या हातानं मांडीवर ठेका देतात. एकदा सिग्नलला हवालदारानं अडवलं. हवालदार निघाला जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, हेल्मेट नाही ते एक. आणि झपतालात तिसरी टाळी राहिली ते दुसरं."

आता मी यात कुठून आलो? मी फैजपूरचा, खानदेशातला. आमच्या शाळेत प्रार्थनेची पेटी होती, तिचे दोन सूर मुके होते. त्यामुळे सात सुरांतले दोन मला बडोद्याला आल्यावर भेटले. गोरव्याला एका इंजिनिअरिंगच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. लोखंडाचे तुकडे मापायचे, शतांश मिलिमीटरपर्यंत. संध्याकाळी महाविद्यालयाच्या हौशी वर्गात पेटी शिकायला जायचो. सरांनी एकदा दारातून ऐकलं आणि आत येऊन म्हणाले, "तुला कल्पनाशक्ती अजिबात नाही."

मी म्हटलं, "नाही सर."

"उत्तम. लेहऱ्याला असाच माणूस लागतो. उद्यापासून माझ्याकडे ये."

दोन वर्षं मी त्यांच्याकडे लेहरा धरला. एकदाही चुकलो नाही. सर लोकांना सांगायचे, "हा माणूस नाही, घड्याळ आहे." म्हणूनच मी 'एकदम' म्हटलं तेव्हा त्यांनी ते मानलं. पन्नासेक वर्षांच्या स्वतःच्या हातापेक्षा माझ्या एका शब्दावर जास्त विश्वास ठेवला.

शनिवारी वाटलं, सोमवारी सांगू. सोमवारी वर्गात गर्दी होती. बुधवारी पूर्वीनं केलेलं चित्रण वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आलं. मी ते रात्री खोलीवर कानाला लावून मोजलं. पंधरा. मापं घेणारा माणूस मी, एका मापावर थांबत नाही. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पंधरा. गटात शहाऐंशी जण आहेत. सगळ्यांनी पाहिलं, एक्केचाळीस अंगठे आले, पण लेहरा कोणीच मोजला नाही. तबलेवाली पोरं तबला बघतात. आणि सरांनी तर ते उघडलंच नाही.

सर मात्र बदलायला लागले. गायनाचे आनंदसर एकदा चहाच्या वेळी प्रेमानं म्हणाले, "होतं हो पोतनीस, वयाप्रमाणे." आनंदसर मनानं फार चांगले, आणि चांगला माणूस असं बोलला की उलट उत्तरही देता येत नाही. त्यानंतर सर वर्गात फळ्यावर सोळा रेघा ओढून शिकवायला लागले. "तुम्हीच मोजा," म्हणायचे. पूर्वी मला म्हणाली, "सर हवे वातो नथी करता." वर्गात आता गप्पा मारत नाहीत. टाळी देताना कोणाला काल काय जेवलास विचारत नाहीत. मी म्हटलं, थंडीनं असेल. माझ्या त्या आठवड्यातल्या सगळ्या वाक्यांत थंडी होती.

लेहऱ्यालाही त्यांनी मला बोलावलं नाही. "सध्या नको," एवढंच.

तीन आठवडे असे गेले. मग एका शनिवारी काकूंचा फोन आला. "कुशल, उद्या सकाळी ये. माळ्यावरचं सामान खाली काढायचंय, माझा हात पोचत नाही."

गोत्रीला सोसायटीत चौथ्या मजल्यावर सरांचं घर. मी पोचलो तेव्हा सर गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. पेपर वाचताना त्यांची बोटं पानाच्या कडेवर चालतात, दोन वर्षं मी पाहत आलोय. त्या दिवशी बोटं गप्प होती. पेपरही उलगडलेला नव्हता.

काकूंनी मला स्वयंपाकघरात घेतलं आणि माळ्याकडे बोट दाखवत हळूच म्हणाल्या, "सामान-बिमान काही नाही. टेबलावर बघ."

जेवणाच्या टेबलावर एक अर्ज होता, सरांच्या वळणदार अक्षरातला. निवृत्तीला तीन वर्षं असताना, सत्र संपल्यावर सेवेतून मोकळं करावं, अशी विनंती. खाली सोमवारची तारीख.

"उद्या देणार आहेत," काकू म्हणाल्या. "तबल्याची जोडी कोणाला द्यायची तेही ठरवून झालंय. घरी तबल्याला हात लावत नाहीत."

"पण एका चुकीवरून?"

"एक कुठली? तेव्हापासून किल्ली विसरली तरी तेच, भाजीची पिशवी राहिली तरी तेच. माणूस चुका शोधायला लागला की सापडतातच." काकूंनी गॅस बारीक केला. "तुला बाबांचं माहीत नाही."

माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं. गोविंदरावांची शेवटची चार वर्षं विसरण्यात गेली. आधी वार गेले, मग माणसं. पण संध्याकाळी सर रियाजाला बसले की ते समोर येऊन हातानं ताल धरायचे, ते मात्र राहिलं होतं. एके दिवशी नवव्या मात्रेला त्यांचा हात वर थांबला. त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, "पुढे काय?" सर म्हणाले, "दहा, बाबा." त्यानंतर रोज नवालाच थांबायचे, आणि रोज सर म्हणायचे, दहा, बाबा.

"ह्यांना वाटतंय ते आता ह्यांच्याकडे आलंय," काकू म्हणाल्या. "त्या मोठ्या यंत्रात डोकं घालून झालं. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ह्यांनी ते टाळी देत देत वजा केले, डॉक्टरच चुकले मोजताना. सगळं ठीक आहे म्हणाले. पण ह्यांचं म्हणणं, त्या यंत्राला मात्रा कुठे कळतात?"

मी गॅलरीत गेलो. स्वयंपाकघरापासून गॅलरी नऊ-दहा पावलं. तेवढ्यात मी फैजपूरला परत जाऊन शेती करायचंही ठरवून टाकलं.

"सर, त्या दिवशी मी चुकलो."

"कुठल्या दिवशी?"

"बैठकीत. लेहऱ्यात मी एक मात्रा खाल्ली. तुमचा धा बरोबर होता."

सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, मग आत तोंड करून म्हणाले, "मोहना, ह्याला तू शिकवून पाठवलंस ने?"

"मी?" काकू बाहेर आल्या. "मी ह्याला माळ्यावरचं सामान काढायला बोलावलंय."

"मला समजतं सगळं. आधी तो डॉक्टर गोड बोलला. आता हा." सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ, डग्ग्यासारखा. "कुशल, तू चांगला मुलगा आहेस. पण खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

"सर, खोटं मी त्या दिवशी बोललो. तेव्हा तुम्ही कान बघितले असते तर हे काहीच झालं नसतं."

"बस. चहा पी."

हे मी धरलंच नव्हतं. सर रागावतील, हाकलतील, सगळं धरलं होतं. मी कबूल करीन आणि ते मानणारच नाहीत, हे कुठल्याच मापात नव्हतं. मी मोबाइल काढला. "सर, आपण ऐकू. तुम्हीच मोजा."

"नको."

"एकदाच."

"नको म्हटलं ने!" आणि मग खालच्या आवाजात, "मोजले आणि सोळा निघाले तर? मग काय करू?"

मग काकूंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "तुम्ही नका मोजू. मी मोजते."

बत्तीस वर्षं तबलजीच्या घरात राहूनही काकूंना तालाचं काही कळत नाही. टपाल खात्यात तिकिटं मोजावीत तसं त्यांनी सुरू केलं, बोट ओलं करून. "एक, दोन, तीन... थांब रे, हा कुठला? चौदा. चौदा झाले."

"चौदा कसे होतील?" सर म्हणाले.

"मग परत लाव. एक, दोन... एकोणीस."

"अगं, तू पेटीच्या पट्ट्या मोजतेस की मात्रा?"

"मला ऐकू येतं ते मोजते. सतरा."

"मोहना, तीनताल आहे तो! भाजी नाही!" सर खुर्चीत पुढे सरकले. "आण इकडे. कुशल, मागे घे. आणखी मागे. हां, इथून."

आणि हात सुरू झाला. टाळी, बोटं, टाळी, बोटं, नवव्याला हात उघडा, तेरावर टाळी. पहिलं आवर्तन, सोळा, सम. दुसरं, सोळा. तिसरं. माझी ती मुरकी आली. सरांचा हात तेरावर पडला, चौदा, पंधरा, आणि लेहरा समेवर जाऊन बसला. सरांचा हात हवेतच. सोळाव्यासाठी उचललेलं बोट तसंच. मागोमाग मोबाइलमधून त्यांचाच 'धा' आला, एकटा, दणदणीत.

"परत," सर म्हणाले.

पुन्हा लावलं. पंधरा. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून मोजलं. पंधरा.

"मोहना," ते म्हणाले, "पंधरा आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी बरोबर आहे! हा गाढव आहे!"

आयुष्यात माझ्या मूर्खपणाचा इतका आनंद कोणाला झालेला मी पाहिला नाही. सर उठले, आत गेले, काही न घेताच बाहेर आले, परत बसले. "पंधरा मात्रांचा तीनताल वाजवला ह्यानं. अगं, मुद्दाम वाजवायला गेला तर जमणार नाही ह्याला." मोठ्यानं हसले, आणि हसता हसता दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. काकूंनी टेबलावरचा अर्ज उचलला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि टेबलाचा जो पाय डुगडुगतो त्याच्याखाली सारला.

चहा आला. पहिल्या घोटानंतर सरांची बोटं कपावर चालायला लागली. मी आणि काकू तिकडे न बघता बघत होतो.

माझी सुटका झाली असं वाटत असतानाच सर म्हणाले, "ते मध्ये काय वाजवलंस?"

"मुरकी, सर."

"कोणाला विचारून?"

मी कपात बघितलं.

"चित्रण कोणाचं?"

"पूर्वीचं."

"अच्छा." कपावरचा ठेका थोडा संथ झाला. "मोहना, ह्याला कल्पनाशक्ती फुटली. दोन वर्षं बिनकल्पनेचा म्हणून सांभाळला, आणि फुटली ती माझ्या चक्रदारात."

काकू हसल्या. मीही हसायला लागलो, तेव्हा सरांनी हात वर केला.

"चुकलास त्याचं काही नाही. माणूस चुकतो. मी स्टेजवर विचारलं नाही, कारण आमच्या गुरुजींचा नियम होता, लेहऱ्यावर खापर फोडायचं नाही. पण आत येऊन विचारलं मी तुला. सरळ विचारलं. तू एकदम म्हणालास." त्यांनी कप खाली ठेवला. "रोज रात्री मी मनात एकपासून मोजायला लागायचो आणि नऊ आले की भीती वाटायची. दहा येतील की नाही. बावीस रात्री. ते तुझ्या 'एकदम' चं आहे, मुरकीचं नाही."

मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, "पायांचं काय करू मी? उद्या वर्गात ये आणि सगळ्यांसमोर सांग. आनंदलाही बोलावतो."

सोमवारी मी सांगितलं. पस्तीस पोरं, आनंदसर, आणि पूर्वी. सरांनी आधी ते चित्रण लावून सगळ्यांना टाळी द्यायला लावली, आणि पस्तीस हात पंधराव्या मात्रेवर एकदम वर राहिले, तो देखावा मी विसरणार नाही. आनंदसर म्हणाले, "पोतनीस, मी वयावर गेलो, चूक झाली." सर म्हणाले, "होतं हो, वयाप्रमाणे." ते चित्रण आता दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी दाखवतात. कलाकार म्हणून माझं पूर्ण नाव घेतात, कुशल भास्कर नेहेते, फैजपूर. गावाचंही. वर्ग सुटल्यावर पूर्वी पायऱ्यांवर म्हणाली, "मुरकी तो सारी हती." मुरकी चांगली होती म्हणे. एवढंच म्हणाली आणि स्कूटीला किल्ली लावून गेली. मी त्यावर अजून विचार करतोय.

लेहऱ्याला मी परत बसतो. महिनाभर सरांनी प्रत्येक वेळी आधी माझे कान तपासले, मग तबला लावला. व्हरांड्यात पुन्हा पोरं पावलं मोजत फिरताना दिसतात, म्हणजे वर्गात गप्पा सुरू झाल्या आहेत. परवाच्या बैठकीत तोच चक्रदार सरांनी पुन्हा वाजवला. समेवर इतका स्वच्छ उतरला की पहिल्या रांगेतले तेच आजोबा उभे राहिले. मी वाजवताना तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

राहिल्या काकू. त्या रविवारी मी निघालो तेव्हा त्यांनी दारात गाठलं. "सरांचं तुझं मिटलं. माझ्या बावीस दिवसांचं काय? मी जागीच होते ने शेजारी?"

"सांगा काकू. काहीही."

"तुमच्याकडची भरताची वांगी आण. ती हिरवी, मोठी. इथली जांभळी भाजली की नुसतं पाणी सुटतं. ह्यांच्या एका विद्यार्थ्यानं कधी काळी आणली होती, अजून चव आहे जिभेवर."

"चार किलो आणतो. संक्रांतीला घरी जातोच आहे."

संक्रांतीला आईनं पोत्यात बांधून सात वांगी दिली, वर कपाशीच्या वाळक्या काड्याही दिल्या, कारण गॅसवर भाजणं आईला मान्य नाही. सुरतेपर्यंत पोतं मी मांडीवर घेऊन आलो. खोलीवर पोचायला उशीर झाला, आणि माझा खोलीभाऊ आमच्याच खानदेशातल्या अमळनेरचा. अमळनेरच्या माणसाला वांगी दिसली, काड्या दिसल्या, आणि वर गच्ची रिकामी. मी विरोध केला. पहिलं वांगं भाजून होईपर्यंत केला.

मग हंगाम संपला. ह्या वर्षी आई म्हणते वांगी उशिरा लागलीत, अजून पंधरा दिवस थांब. मी दर गुरुवारी गोत्रीला रियाजाला जातो. काकू दार उघडतात, आधी माझ्या दोन्ही हातांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, आणि बाजूला होत म्हणतात, "ये. चहा पिऊन जा. नुसता."